न हलल्यावर वाजणारी घंटा

त्या दिवशी सकाळी दूध उतू गेलं होतं, म्हणून आधी शेगडी पुसली. मग भांडी घासली, पाणी भरलं, आईंच्या उशीचा अभ्रा भिजत घातला आणि झाडू घेऊन बाहेरच्या खोलीत आले. हे खिडकीजवळच्या खुर्चीत वर्तमानपत्र मांडीवर घेऊन बसले होते. समोर पलंगावर आई त्यांना आपल्या गुडघ्याबद्दल काहीतरी सांगत होत्या. मी यांना म्हणाले, पाय वर घ्या. त्यांनी घेतले नाहीत. मी म्हणाले, ऐकू येत नाही का, की आईंसारखं सोंग घेताय. तरी नाही. मग मी रागारागानं त्यांच्या पायांच्या कडेकडेनं झाडून घेतलं, चपला सरळ केल्या आणि केर सुपलीत भरून टाकायला गेले. परत चहा घेऊन आले तेव्हा कळलं.

भाऊजी, पत्र असं सुरू करायचं नव्हतं. आधी मायना, मग खुशाली, मग मजकूर, हे मलाही ठाऊक आहे. पण लिहायला बसले की हात तिथूनच सुरू होतो. तर आता मायना. तुम्ही माझ्याहून दीड वर्षानं मोठे आणि नात्यानं लहान, त्यामुळे तुम्हाला नमस्कार लिहू की आशीर्वाद, हे मला तीस वर्षांत ठरवता आलेलं नाही. दोन्ही लिहिते, लागेल ते घ्या आणि उरलेलं जाऊबाईंना द्या. त्यांची पाठ कशी आहे? तुमचं पित्त? (पित्तावर तुम्ही सांगितलेला उपाय मी करून पाहिला. मला पित्त नव्हतं, ते झालं.) इकडे आईंची प्रकृती उत्तम आहे. मला रोज दोनदा बोलतात आणि दोन्ही वेळा वेगळं बोलतात, म्हणजे डोकंही शाबूत आहे.

तुम्ही फोनवर म्हणालात की एक तारखेला गाडी घेऊन येतो आणि आईला कायमची आमच्याकडे नेतो. वहिनी, तुम्ही दिवसभर खाली शिलाईच्या मशीनवर, वर आईला काही झालं तर तुम्हाला कळणार कसं, असं विचारलंत. मग जरा थांबून म्हणालात, दादाच्या वेळी तर तुम्ही घरातच होतात. हे बोलून झाल्यावर तुम्हालाच वाईट वाटलं असणार, कारण लगेच तुम्ही हवापाण्याची चौकशी केलीत. पण वाक्य खरं आहे, त्याला मी काय करणार. मी म्हणाले, मला एक तारखेपर्यंत वेळ द्या, मी काहीतरी करते. तुम्हाला वाटलं असेल मी बाई ठेवीन. बाई ठेवली तर आई तिला दोन दिवसांत पळवून लावतील, आणि तुमच्याकडे सातव्या मजल्यावर तुम्ही दोघं आठ वाजता बाहेर पडल्यावर दुसरं काय होणार आहे? (आईंना मी गाडीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, लिफ्टमधून वर नेऊन ठेवणार मला, जादा गादीसारखं.) त्या गेल्या तर या घरात मला बोलणारं कोणी राहणार नाही. बोलणारं म्हणजे टाकून बोलणारं, पण बोलणारं.

म्हणून मी यंत्र करायचं ठरवलं. हसू नका. यांची वायरमनची पेटी पलंगाखाली आहे, तिच्यात सोल्डरची कांडी आहे, वायरीची भेंडोळी आहेत आणि वीजकामाचं एक जाड पुस्तक आहे. तुम्हाला माहीत आहे, मी सातवीपर्यंतच शिकलेली, पण कागद दिसला की वाचते. वाणसामानाच्या पुडीचे कागदसुद्धा मी उलगडून वाचलेले आहेत, आणि अर्ध्या तुटलेल्या बातम्यांचा शेवट काय झाला असेल याचा विचार करत भात करपवलेला आहे. तर ते पुस्तक मी पहिल्या पानापासून वाचलं. समासात यांनी पेन्सिलीनं खुणा केल्यात. एका परिच्छेदापाशी मी तीन दिवस अडले होते. चौथ्या दिवशी लक्षात आलं की त्याच्या कडेला बारीक अक्षरात यांनी लिहिलंय, ‘कळले नाही.’ मला इतकं बरं वाटलं की मी तो परिच्छेद तसाच सोडून पुढे गेले.

आता वस्तू. माणूस हलला की दिवा लागतो ते सेन्सर दुकानात नवे मिळतात, पण एका नव्याच्या किमतीत भंगारवाल्याकडे पोतं मिळतं. कोपऱ्यावरच्या लॉजनं जिन्यातले बॅटरीचे दिवे बदलले होते, ते सगळे त्याच्याकडे पडले होते. मी विचारलं, चालतात का? तो म्हणाला, चालत असते तर माझ्याकडे आले असते का ताई? त्याच्या धंद्याचं सगळं शास्त्र या वाक्यात आहे, त्यामुळे मी वाद घातला नाही. अकरा दिवे घरी आणले. त्यातल्या सात दिव्यांना फक्त नवे सेल हवे होते. (लॉजवाल्यांनी सेल बदलायच्या ऐवजी दिवेच बदलले. माणसांच्या बाबतीतही तिथे असंच करतात, असं तिथला खानसामा म्हणतो. पँट आखूड करायला येतो माझ्याकडे.)

पण माझ्या सातही दिव्यांनी दिवसा काम करायला साफ नकार दिला. मी त्यांच्यापुढे हात हलवले, पदर हलवला, एकदा तर टॉवेल घेऊन नाचले. आई पलंगावरून बघत होत्या. त्या म्हणाल्या, तो गेल्यावर आठ महिन्यांनी वेड लागलं, मला वाटलं होतं लवकर लागेल. शेवटी मी पिशवी घेऊन भिंगवाल्यांकडे गेले. म्हणजे चौकातले ते घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करणारे, एका डोळ्यावर कायम भिंग लावलेले, यांचे चहाचे सोबती. त्यांनी भिंगातून आधी दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, हे कशाला हवेत? मी म्हणाले, सासूसाठी. ते म्हणाले, लोक चोर पकडायला लावतात, सासू पकडायला पहिल्यांदाच ऐकतोय. मग त्यांनी दाखवलं की पांढऱ्या घुमटाशेजारी मसुराच्या दाण्याएवढा दुसरा एक डोळा असतो. त्याला उजेड दिसला की तो मोठ्या डोळ्याला सांगतो, झोप, अजून दिवस आहे. हा छोटा डोळा झाकायचा, की मोठ्याला चोवीस तास अंधारच वाटतो आणि तो कामाला लागतो. मी काळी चिकटपट्टी लावून सातही दिव्यांचे छोटे डोळे बंद केले. सोपं होतं. मलाही गेले आठ महिने असंच कोणीतरी पट्टी लावल्यासारखं आहे आणि माझंही काम चालूच आहे.

मग पहिला दिवा मी काचेच्या कपाटात ठेवला, आईंना दिसू नये म्हणून. दिवसभर त्याला काहीच दिसलं नाही. पुस्तकात पाहिलं तर काच ही त्याला भिंतच. त्याला माणूस दिसत नाही भाऊजी, ऊब दिसते, आणि तीही जागा बदलली तरच. आणि ती ऊब काचेतून येत नाही. कपाटातून काढून भिंतीवर लावला तेव्हा आई म्हणाल्या, हे पांढरं काय, अंडं? मी म्हणाले, तुमच्यावर लक्ष ठेवायला. त्या म्हणाल्या, का, तू कमी पडतेस?

भिंतीवरून त्याला सगळंच दिसायला लागलं. उन्हानं तापलेला पडदा हलला की दिवा, इस्त्रीची वाफ उठली की दिवा, खिडकीत मांजर आलं की दिवा. मांजर तर मुद्दाम यायला लागलं. शेवटी माझ्याच धंद्याची वस्तू उपयोगाला आली. शिलाईच्या दोऱ्याचा पुठ्ठ्याचा कोन असतो ना, दोरा संपला की आम्ही फेकून देतो; तो टोकाकडून कापून मी घुमटावर बसवला, घोड्याला झापडं लावतात तसा. आता त्याला फक्त पलंग आणि यांची खुर्ची एवढंच दिसतं. भिंगवाले तो कोन बघून म्हणाले, हे मला सुचलं नसतं. एवढ्या बोलण्यावर मी दोन दिवस खुशीत होते.

पण एवढं सगळं झाल्यावर मी खाली मशीनवर बसले आणि माझ्या लक्षात आलं की मी उलटं यंत्र केलंय. आई हलल्या की दिवा लागतो. आई हलल्या हे कळून मला काय करायचंय? त्या दिवसभर हलतात आणि बोलतात. मला कळायला हवं त्या न हलल्याचं. हलल्यावर वाजणाऱ्या घंटा अकरा प्रकारच्या मिळतात, न हलल्यावर वाजणारी कुठेच मिळत नाही. कोणाला तशी गरज पडत नसावी, किंवा पडते तेव्हा उशीर झालेला असतो. मी हे भिंगवाल्यांना सांगितलं. त्यांनी भिंग काढलं (मी त्यांचा तो डोळा पहिल्यांदाच पाहिला, दुसऱ्यापेक्षा लहान आहे) आणि ते टेबलावर ठेवलं. त्यांना मी त्या सकाळचं कधी सांगितलेलं नाही, पण चौकात सगळं कळतं. मग त्यांनी काडेपेटीएवढी एक डबी दिली, तिला रिले म्हणतात. वीज आली की ती टक्कन एका बाजूला चिकटते, गेली की टक्कन दुसऱ्या. समोर कोणी हलत असेल तोवर दिवा पेटलेला राहतो, आणि शेवटच्या हालचालीनंतर ठरवलेली मिनिटं झाली की विझतो. डबी अशी जोडायची की दिवा आहे तोवर घंटा गप्प, दिवा विझला की घंटा चालू. ती ठरवलेली मिनिटं वाढवायला आतला वीज साठवणारा एक बारीक कपॅसिटर काढून मोठा लावायचा. सोल्डर मीच मारलं. सुईत दोरा ओवण्यासारखंच आहे, फक्त सुई तापलेली असते. दोन बोटं भाजली, पण डाव्या हाताची. घंटा खाली माझ्या मशीनच्या डोक्यावर लावली आणि वायर खिडकीतून खाली सोडली. वरच्या खोलीत ती खुर्चीच्या मागून नेली, खालून नाही. त्या खुर्चीखाली आठ महिन्यांत झाडू गेलेला नाही आणि वायर ओढून तिथली धूळ मला उठवायची नव्हती.

पहिल्या दिवशी घंटा नऊ वेळा वाजली. नऊ वेळा मी सतरा पायऱ्या चढले. पहिल्यांदा तर तोंडात टाचण्या होत्या तशीच धावले. आई डोळे मिटून बसलेल्या. मी दारात उभी राहिल्याबरोबर त्यांनी एक डोळा उघडला आणि विचारलं, मेले का बघायला आलीस? टाचण्यांमुळे बोलता येईना, म्हणून मी मान हलवली. त्या म्हणाल्या, अजून नाही. आलीच आहेस तर चहा टाक. चौथ्या दिवसापर्यंत त्यांना सगळं गणित कळलं. दहा मिनिटं मूर्तीसारखं बसलं की मी येते. मग चहा हवा, पाठीला उशी हवी, खिडकीबाहेर कोण भांडतंय ते विचारायचंय, की त्या मूर्ती होऊन बसायच्या. मी मिनिटं वाढवून वीस केली. त्यांनी वीस मिनिटांचा सराव केला. मला वाटतं लग्न झाल्यापासून मला छळायला त्यांना इतकं सोपं साधन कधी मिळालं नव्हतं. तुम्हाला खरं सांगू, मला त्याचा राग येत नाही.

आता एक गोष्ट सांगायची राहिली, ती मधलीच आहे. घंटा वर जोडून पाहिली त्या दुपारी, यंत्र चालतं की नाही हे कळायला कोणीतरी न हलता बसायला हवं होतं. आईंना विचारलं, तर म्हणाल्या, माझी वेळ येईल तेव्हा बसेन. म्हणून मी बसले. पलंगाखेरीज सेन्सरला दिसणारी दुसरी जागा एकच, यांची खुर्ची. कोन तेवढ्यापुरता तिच्याकडेच वळवला, म्हणजे पलंगावर आई हलल्या तरी चालेल. मी आठ महिन्यांत पहिल्यांदा तिच्यात बसले. तेव्हा दहा मिनिटंच लावलेली होती. दिवा विझेना. मला वाटलं जोडणी चुकली. श्वास हळू घेतला, हात मांडीवर दाबून धरले, तरी बोट हलायचं, मान कलायची, आवंढा यायचा. नंतर खांदेच हलायला लागले आणि थांबेनात, त्यामुळे तो प्रयोग अर्ध्या तासानं सोडून दिला. आईंचं तोंड भिंतीकडे होतं. जोडणी बरोबर होती. झोपलेला किंवा हट्टाला पेटलेला माणूस सोडला तर जिवंत माणूस दहा मिनिटं स्थिर बसत नाही, एवढंच मला भंगारातल्या त्या डबीनं शिकवलं. झाडू हातात घेऊन मी त्यांच्याभोवती फिरत होते तेव्हा माझ्या अंगात तेवढीही अक्कल नव्हती. मी त्यांना बहिरे म्हणाले.

असो. यंत्र चालू आहे. एक तारखेला या, स्वतः खुर्चीत बसून बघा, आणि पटलं तर आईंना इथेच राहू द्या. जाऊबाईंना सांगा, पाठीला गरम पाण्याची पिशवी बरी. मोठ्यांना नमस्कार लिहायचा असतो, पण आता तुमच्याकडे मोठं कोणी उरलेलं नाही, तेव्हा तोही तुम्हीच घ्या.

तुमची वहिनी

ता.क. सगळं लिहिलं आणि मुख्य तेच राहिलं. आईंना मी सांगितलंय की हे दवाखान्यात नेताना वाटेत गेले. त्या समोर बसून गुडघ्याचं सांगत होत्या आणि हे तेव्हाच नव्हते, हे त्यांना कळता कामा नये. तुम्हाला मी खरं सांगितलं ते तुम्ही भाऊ म्हणून. घरात असूनही कळलं नाही, हे मला हवं तर शंभरदा म्हणा, पण आईंसमोर म्हणू नका. त्या एक दिवससुद्धा तग धरणार नाहीत. हे पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच होतं.

ता.क. २ पाकीट चिकटवलं नव्हतं ते बरं झालं. बुधवारी दुपारी मी एका पँटला चेन बसवत होते आणि घंटा वाजली. मला वाटलं, चहा. म्हटलं ही चेन होऊ दे. एरवी मी दोनतीन मिनिटं गेले नाही की आई कंटाळून हात हलवतात आणि घंटा बंद होते. या वेळी बंद होईना. चेन अर्धी झाली तरी वाजतच होती. मी उठले आणि तिसऱ्या पायरीवर कठडा धरून उभी राहिले. मी तिथे उभी राहून मनात म्हणत होते, आई, हला. तेव्हा मला कळलं की हे यंत्र मी त्यांच्यासाठी केलंच नव्हतं. मशीन वर नेऊन त्यांच्याजवळ बसले असते तर कुठल्याच घंटेची गरज नव्हती. मला त्या खोलीत बसायचं नव्हतं.

किती वेळानं वर गेले ते माहीत नाही. आई पलंगावर नव्हत्या. त्या यांच्या खुर्चीत बसल्या होत्या, डोळे उघडे, हात मांडीवर. मी दारातच खाली बसले. त्या म्हणाल्या, आलीस? फार वेळ लावलास. मी म्हणाले, असं का करता तुम्ही? त्या म्हणाल्या, तू त्या दिवशी इथे बसून रडलीस, मी पाठ करून ऐकलं. तेव्हापासून बोलायचं होतं, पण तू चहा ठेवून खाली पळतेस. मी म्हणाले, आई, मला तेव्हा कळलं नाही हो. त्या म्हणाल्या, मला कळलं होतं.

 त्या म्हणाल्या, मी गुडघ्याचं सांगत होते, तो हं हं करत होता. मग हं थांबलं. मी आई आहे त्याची, मला कळणार नाही? तेवढ्यात तू झाडू घेऊन आलीस. म्हटलं, हिला एवढा केर काढू दे. एकदा हिला कळलं की मग किती दिवस या घरात केर निघणार नाही. म्हणून मी गुडघ्याचंच बोलत राहिले. मग खुर्चीच्या पायाशी बघून म्हणाल्या, आणि आता बघ, आठ महिने झाले, इथे कोणी झाडू लावलाय?

तेव्हा वरचा ता.क. खोडलेला समजा. एक तारखेला या, पण आईंना भेटायला या. गाडीत त्यांचं सामान बसणार नाही, कारण त्या बांधायला देत नाहीत. भिंतीवरचा सेन्सर काढला आणि सातही पिशवीत ठेवलेत, हवे तर तुमच्या जिन्याला न्या. घंटा ठेवली आहे. ती वर आणली आणि वायरीच्या खालच्या टोकाला बटण लावलं, आता गिऱ्हाइकं खालून वाजवतील. मशीन जड आहे, भंगारवाल्यानं एक बाजू धरली.

गुरुवारी सकाळी मी खुर्चीखालचा केर काढला, मशीन वर आणून तिच्यापुढे मांडलं, आणि त्या खुर्चीत बसून राहिलेली अर्धी चेन लावली.